तीन अक्षरांची सही

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला सहीचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. व्हाउचर पाच रुपयांचं असो की पाच लाखांचं, त्यावर कारकुनाची आणि अधिकाऱ्याची अक्षरं उमटेपर्यंत तो नुसता कागद असतो. दिवसाला शेकडो व्हाउचरं हाताखालून जायची. प्रत्येकावर पूर्ण सही कोण करत बसणार? मग नावाची दोन-तीन अक्षरं कोपऱ्यात ओढायची. आम्ही त्याला इनिशियल मारणं म्हणत असू. काम किरकोळ, पण दहा वर्षांनी एखादी चौकशी लागली की तोच कोपरा समोर धरला जाई आणि ही अक्षरं कोणाची, असा प्रश्न येई.

छत्तीस वर्षं मी अशी अक्षरं ओढली. आज ज्या माणसाविषयी लिहायला बसलो आहे, त्याचीही सही तीन अक्षरांचीच होती : डी, एम, आर. पूर्ण नाव डेनिस मॅकॅलिस्टर रिची. अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या या माणसाचा बारामती-इंदापूरशी काडीचाही संबंध नाही. तरी माझ्या नोकरीतली सर्वांत वाईट रात्र त्याच्या कारागिरीशी जोडलेली आहे, आणि त्या रात्रीचा अर्थ मला कळला तोही त्याचं आयुष्य वाचता वाचताच.

१९९३ साली मी बारामतीच्या शाखेत होतो. बँकांच्या संगणकीकरणावर डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीचा पहिला अहवाल १९८४ मध्ये आला, दुसरा १९८९ मध्ये. संघटनांचा विरोध, मग वाटाघाटी, मग करार, असं सगळं होऊन यंत्र आमच्या शाखेपर्यंत पोचायला नव्वदचं दशक उजाडलं. शाखेत एकाच खोलीला एअरकंडिशनर बसला; तो मॅनेजरसाहेबांच्या नव्हे, यंत्राच्या. चपला दाराशी काढून आत जायचं. आमच्या शिपाईमामांनी पहिल्या दिवशी नारळ फोडला आणि यंत्राला हळदकुंकू वाहिलं. त्यांचा भाव बरोबरच होता, कारण आत काय चाललं आहे हे त्यांना जेवढं कळत होतं तेवढंच आम्हालाही.

त्या यंत्रावर जी कारभारव्यवस्था चाले, तिचं नाव युनिक्स. शाखेत हेडक्लार्क जे काम करतो तेच ती यंत्रात करते. कोणाला कोणतं लेजर द्यायचं, प्रिंटरवर कोणाचा कागद आधी, कोण कुठे हात घालू शकतो आणि कोण नाही, हे सगळं तिच्याकडे. समोर काळा पडदा आणि त्यावर एक लुकलुकणारी खूण. चित्रं नाहीत, माऊस नाही. आज्ञा टाइप करायची आणि एंटर दाबायचं. पुण्यात पंधरा दिवसांचं प्रशिक्षण झालं, त्यात या आज्ञा आम्ही परवचा म्हणावा तशा पाठ केल्या. एलएस म्हटलं की फायलींची यादी. सीपी म्हटलं की नक्कल. एमव्ही म्हटलं की इकडची फाईल तिकडे. डीएफ म्हटलं की डिस्कवर जागा किती उरली त्याचा हिशेब. आणि आरएम म्हटलं की फाईल नाहीशी.

बारामती हे मोरोपंतांचं गाव. एकशे आठ रामायणं लिहिताना या कवीने स्वतःवर एकेक बंधन घालून घेतलं. एक रामायण तर ओठांना ओठ लावावा लागेल असं एकही अक्षर न वापरता रचलं. तिथे राहिलेल्या मला ही अक्षरांची काटकसर आवडून गेली. अवघड गेली ती दुसरीच गोष्ट. आज्ञा बरोबर पार पडली तर यंत्र काही म्हणजे काहीच बोलत नसे. झालं साहेब, असं कोणीतरी म्हटल्याशिवाय काम झालं असं न मानणारे आम्ही लोक. इथे फक्त ती खूण पुन्हा लुकलुकू लागे. काही चुकलं तरच यंत्र तोंड उघडे. हे कोणी आणि का असं केलं असेल, हा प्रश्न तेव्हा मनात आला होता. त्याचं उत्तर मिळायला बरीच वर्षं गेली.

डेनिसचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या ब्राँक्सव्हिलचा. वडील ॲलिस्टर रिची बेल टेलिफोन कंपनीच्या संशोधनशाळेत, म्हणजे बेल लॅब्समध्ये शास्त्रज्ञ. टेलिफोनचे कॉल जोडणाऱ्या स्विचिंग सर्किटांवरच्या एका मान्यवर ग्रंथाचे ते सहलेखक होते. कुटुंब न्यू जर्सीतल्या समिट या गावी येऊन राहिलं. बेल लॅब्सचं मुख्य ठिकाण मरे हिल तिथून जवळच. वडील ज्या कारखान्यात, मुलगाही शेवटी त्याच कारखान्यात, हे आपल्याकडे वालचंदनगरला घरोघरी दिसायचं, तसंच हे झालं.

मधला रस्ता हार्वर्ड विद्यापीठातून गेला. पदवी भौतिकशास्त्राची घेतली आणि तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं, की भौतिकशास्त्रज्ञ होण्याइतकी आपली बुद्धी नाही, पण संगणक मात्र मजेदार वस्तू आहे. मग उपयोजित गणितात संशोधन केलं, तेव्हा ध्यानात आलं की गणनाच्या सिद्धान्तात तज्ज्ञ होण्याइतकीही ती नाही. स्वतःविषयीचं हे मत त्यानेच पुढे गमतीने लिहून ठेवलं आहे. त्याच्याबरोबर शोधनिबंध लिहिणाऱ्या अल्बर्ट मेयर यांच्यासारख्यांचं मत अर्थातच वेगळं होतं.

प्रबंध १९६८ मध्ये लिहून तयार होता. विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्याची बांधीव प्रत द्यावी लागे. ती काही त्याने दिली नाही. बांधणीचा खर्च आपण का करायचा, असं त्याच्या मनात आलं असं काही जण सांगतात, पण खरं कारण त्याच्याबरोबर गेलं. पदवी मिळाली नाही ती नाहीच. पुढे बहिणीच्या शोधातून प्रबंधाची एक प्रत हाती आली आणि २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या संगणक-इतिहास संग्रहालयाने ती सर्वांसमोर ठेवली. म्हणजे जगभरच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना ज्याची भाषा शिकून पदवी मिळते, तो स्वतः शेवटपर्यंत डॉक्टर झाला नाही.

१९६७ मध्ये तो बेल लॅब्समध्ये आला. ट्रान्झिस्टर जिथे जन्मला ती ही जागा. आपले नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये रेषीय नियोजनाची जी पद्धत जगापुढे मांडली, तीही तिथेच काम करताना. रिची आला तेव्हा तिथे मल्टिक्स नावाचा एक अवाढव्य प्रकल्प चालू होता. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्स अशा तिघांची ती भागीदारी. एकाच मोठ्या यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करावं, वीज-पाण्यासारखा संगणक घरोघरी पुरवता यावा, असं स्वप्न होतं. प्रकल्प वाढत गेला, वेळ आणि पैसा खात राहिला, आणि १९६९ मध्ये बेल लॅब्सने अंग काढून घेतलं.

माणसं हळहळली ती यंत्रापेक्षा संगतीसाठी. एकाच यंत्राशी बसून एकमेकांचं काम पाहता येत होतं, चर्चा करता येत होती, ते सगळं संपलं. रिचीचा जोडीदार केन थॉम्प्सन याला अडगळीत पडल्यासारखा एक लहान संगणक सापडला. पीडीपी-७ हे त्याचं नाव. रिची, थॉम्प्सन आणि रड कॅनडे यांनी फायली कशा ठेवायच्या त्याचा आराखडा फळ्यावर मांडला होताच. त्या उन्हाळ्यात थॉम्प्सनची बायको लहान मुलाला घेऊन तीन आठवडे नातेवाइकांकडे गेली आणि तेवढ्या अवकाशात त्याने व्यवस्थेचे मुख्य भाग एकेका आठवड्यात उभे केले. त्यातून युनिक्स झालं. मल्टिक्समधला 'मल्टी' काढून 'युनि' घातलेलं ते नाव म्हणजे थट्टाच होती.

वरिष्ठांकडे नवं यंत्र मागायचं तर कारण हवं. नवी कारभारव्यवस्था लिहितो म्हटलं तर मल्टिक्सने पोळलेले वरिष्ठ दारात उभं करणार नाहीत. म्हणून कंपनीच्या पेटंट विभागासाठी मजकूर-छपाईची सोय करतो, असं सांगून पीडीपी-११ यंत्र मिळवलं. सोय खरोखरच केली. आत मात्र युनिक्स वाढत होतं. ज्याने कधी शाखेसाठी कपाट मंजूर करून घेतलं आहे, त्याला या युक्तीचं कौतुक वाटेल.

आज्ञांची नावं दोन-दोन अक्षरांची का, याचं उत्तर मला इथे मिळालं. या मंडळींपुढे पडदे नव्हते. टेलिटाइप नावाची खडखडणारी टंकयंत्रं होती. कळा जड आणि कागदावर सेकंदाला जेमतेम दहा अक्षरं उमटत. अशा यंत्रावर लांबलचक शब्द आणि आदबीची उत्तरं कोणाला परवडणार? काटकसर आधी नाइलाजाची होती. पण तिच्यातून एक शिस्त जन्मली. प्रत्येक हत्यार लहान असावं, त्याने एकच काम करावं आणि ते नीट करावं. मोठं काम आलं तर हत्यारं एकापुढे एक जोडावीत. ही जोडणी, म्हणजे पाइप, डग मॅक्लरॉय या त्यांच्या वरिष्ठाच्या आग्रहावरून १९७३ च्या सुमारास आली. टोकन देणारा, लेजर लिहिणारा, पास करणारा, रोख देणारा अशी आमची काउंटरची रांग असे, तशीच ही रांग. एकाने दिलेलं दुसऱ्याने घ्यायचं. आता अशा रांगेत प्रत्येक जण कागदासोबत स्वतःची टकळीही पुढे सरकवू लागला तर पुढच्याने हिशेब करायचा कशाचा? म्हणून गप्प राहायचं. ज्या मुकेपणाने मी बारामतीत बुचकळ्यात पडलो होतो, त्याचं कारण इतकं साधं होतं.

रिचीचा खास हात दोन ठिकाणी दिसतो. पहिलं म्हणजे, टर्मिनल असो, प्रिंटर असो की टेप असो, व्यवस्थेपुढे ती फाईलच, ही दृष्टी. ग्राहक रोख आणो, चेक आणो किंवा दुसऱ्या शाखेचा ड्राफ्ट आणो, बँकेपुढे शेवटी व्हाउचरच येतं. एक नावे आणि एक जमा. तेवढं ओळखलं की कारभार निम्मा सोपा होतो.

दुसरं म्हणजे सी ही भाषा. तोवर बहुतेक कारभारव्यवस्था त्या त्या यंत्राच्या बोलीत लिहीत. यंत्र बदललं की सगळं लिखाण रद्दीत. थॉम्प्सनने केलेल्या बी नावाच्या भाषेवरून रिचीने १९७१ ते १९७३ या काळात सी घडवली. यंत्राच्या इतकी जवळ, की त्याच्या प्रत्येक कप्प्यात हात घालता यावा. आणि तरी कोणत्याही एका यंत्राला न बांधलेली. थॉम्प्सनने १९७२ मध्ये युनिक्स या भाषेत लिहून पाहिलं, ते जमलं नाही. मग रिचीने भाषेत एक नवी सोय घातली. निरनिराळ्या प्रकारची माहिती एकत्र बांधून तिला एक नाव द्यायचं. लेजरच्या पानावर खातेनंबर, नाव, पत्ता आणि शिल्लक एकत्र असतात, तसंच. १९७३ च्या उन्हाळ्यात युनिक्स सीमध्ये उतरलं आणि पुढे स्टीव्ह जॉन्सन या सहकाऱ्याबरोबर रिचीने ते अगदी वेगळ्या बनावटीच्या यंत्रावर चालवून दाखवलं. कारभार यंत्रापासून सुटा झाला. आज हे इतकं सवयीचं आहे की कोणीतरी ते पहिल्यांदा केलं असेल, हेच सुचत नाही.

आता इंदापूरची ती रात्र सांगतो.

१९९५ मध्ये माझी बदली इंदापूरला झाली. बारामतीहून काटेवाडी, भवानीनगर, लासुर्णे, जंक्शन, निमगाव केतकी असा एसटीचा रस्ता. हंगाम उसाचा होता आणि ऊसबिलांच्या लांबच लांब याद्या खात्यांवर जमा करायचं काम दिवसभर चाललं होतं. संध्याकाळी डिस्कवर जागा कमी असल्याची सूचना आली. युनिक्समध्ये रूट नावाचा एक सर्वाधिकारी असतो, त्याला कुठेच अडवणूक नाही. त्याचा पासवर्ड आमच्याकडे लखोट्यात बंद करून तिजोरीत ठेवलेला असे, स्ट्राँगरूमच्या किल्लीसारखा. पण मला तो पाठ होता. दरवेळी लखोटा कोण फोडणार म्हणून मी रूट होऊनच रोजची साफसफाई करत असे. त्या दिवशीही केली. तात्पुरत्या फायली पुसायच्या होत्या. आरएम, पुढे फायलींच्या नावाची सुरुवात आणि तिला चिकटून फुली, असं टाइप करायचं. माझ्या हातून नाव आणि फुली यांच्यामध्ये एक मोकळी जागा पडली. त्या एका जागेने अर्थ बदलला. या नावाची फाईल पूस आणि शिवाय इथे जे जे आहे ते सगळं पूस. मी उभा होतो तो कप्पा खात्यांचा होता.

यंत्राने विचारलं नाही. नेहमीप्रमाणे खूण लुकलुकली. काम झालं असं समजून मी चहा मागवला आणि तेवढ्यात दोन नंबरच्या टर्मिनलवर बसलेल्या कारकून मुलीने हाक मारली, साहेब, खातीच दिसत नाहीत.

आदल्या संध्याकाळची टेप होती, म्हणून शाखा वाचली. ती टेप रोज न चुकता दुसऱ्या इमारतीत नेऊन ठेवण्याचं काम तिथल्या शिपाईमामांचं. त्यांनी सायकलवर जाऊन ती आणली. आदल्या दिवसापर्यंतची खाती परत आली. त्या दिवसाच्या नोंदी मात्र गेल्या होत्या. चार जणांनी पहाटेपर्यंत व्हाउचरं पुन्हा टाइप केली. ती मुलगीही होती.

वरिष्ठ कार्यालयाला टिपण पाठवायचं होतं. ते मी लिहिलं. टर्मिनल क्रमांक दोनवर काम चालू असताना खात्यांच्या फायली नाहीशा झाल्याचं आढळलं, असं वाक्य त्यात होतं. त्यात खोटं काही नव्हतं. पण टर्मिनल दोनवर कोण बसतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मलाही. सकाळी फोनवर पहिला प्रश्न आला तो त्या मुलीच्या नावाचाच. मी तपासून सांगतो म्हणालो. दुपारपर्यंत मला जेवण गेलं नाही. ती मात्र रात्रभर जागूनही वेळेवर येऊन काउंटरवर बसली होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. तीन वाजता मी दुसरं टिपण लिहिलं, कोणती आज्ञा, कोणी, कोणत्या अधिकाराने दिली ते नोंदवलं आणि खाली इनिशियल नव्हे, पूर्ण सही केली. मला मेमो मिळाला. तो मिळायलाच हवा होता. तिची पुढे बदली झाली. त्या दिवसाविषयी आम्ही कधी बोललो नाही. मधल्या काही तासांत तिला काय वाटलं असेल, याची भरपाई दुसऱ्या टिपणाने होत नाही, एवढं मला कळतं.

कित्येक दिवस मी मनातल्या मनात त्या आज्ञेच्या कर्त्याला शिव्या घालत होतो. साधं एकदा विचारायला काय झालं होतं? नागपूरच्या यशवंत कानेटकर यांचं 'लेट अस सी' हे पुस्तक तेव्हा इंजिनिअरिंगच्या मुलांच्या हातोहाती असे. भाच्याकडून ते आणून मी रात्री वाचू लागलो, ते शत्रूची माहिती काढावी तसं. तिथून मूळ पुस्तकाकडे गेलो. ब्रायन कर्निहन आणि रिची यांचं ते पुस्तक १९७८ सालचं. आकाराने लहान, शब्दांनी कंजूष. समजावून सांगण्याचा भाग मुख्यतः कर्निहनचा, आणि भाषेचे नियम नेमके सांगणारा शेवटचा भाग रिचीचा. कंपनीच्या नियमावल्या वाचलेल्या मला नियम इतके स्वच्छ लिहिता येतात हे नवीन होतं.

पुढे फार वर्षांनी युनिक्सचं अगदी पहिलं माहितीपुस्तक पाहायला मिळालं, ३ नोव्हेंबर १९७१ चं. प्रत्येक आज्ञेला एक-दोन पानं. नाव, वापर, वर्णन. आणि शेवटी दोन मथळे, ते पाहून मी थांबलो. एक 'बग्ज', म्हणजे या आज्ञेत कोणते दोष आहेत ते. आपल्याच मालातली खोट मालाबरोबरच छापून द्यायची! आणि दुसरा, आज्ञेचा धनी कोण. त्यापुढे लहान अक्षरांत केन, किंवा डीएमआर. व्हाउचरच्या कोपऱ्यातली इनिशियल. हे काम माझं, यात हे हे दोष आहेत, आणि विचारायचं तर मला विचारा.

माझ्या पहिल्या टिपणात नेमक्या याच दोन गोष्टी नव्हत्या.

यंत्र का विचारत नाही, हेही मग उलगडलं. ते ज्यांच्यासाठी केलं ती डझनभर माणसं होती, एकमेकांना ओळखणारी, आपण काय करतो ते जाणणारी. शहाण्या माणसाला दर पावलाला विचारत राहणं हा त्याचा अपमान, अशी ती वृत्ती. पण हा विश्वास आंधळा नव्हता. प्रत्येक फाईलला धनी होता, आणि कोणी वाचावं, कोणी लिहावं, कोणी चालवावं याची परवानगी तिच्यावर नोंदलेली असे. रिचीच्या नावावर एक पेटंट आहे, ते याच अधिकाराच्या प्रश्नाचं. सर्वांचे पासवर्ड असलेल्या फाईलला रूटखेरीज कोणी हात लावायचा नाही. पण स्वतःचा पासवर्ड बदलण्याची मुभा तर प्रत्येकाला हवी. मग करायचं काय? रिचीने तोड काढली, की माणसाला अधिकार न देता त्या एका कामापुरता कार्यक्रमालाच धन्याचा अधिकार द्यायचा. ग्राहक लेजरला हात लावत नाही, पण त्याची स्लिप काउंटरवरून गेली की त्याची नोंद बँकेच्या अधिकाराने होते, तसंच हे. अर्ज १९७३ चा, पेटंट मिळालं १९७९ मध्ये, आणि ते सर्वांना वापरायला खुलं करण्यात आलं. म्हणजे माझ्यासारख्याने रोजच्या कामाला सर्वाधिकार वापरू नयेत, याची व्यवस्था रिचीने आधीच करून ठेवली होती. लखोटा तिजोरीत होता. तो पाठ करणारा मी होतो.

अधिकाराचा इतका बारीक विचार करणाऱ्या या माणसाचा स्वतःचा पासवर्ड काय असावा? त्या काळातल्या जुन्या फायलींमधले पासवर्ड पुढे अभ्यासकांनी उकलले, तेव्हा रिचीचा निघाला डीमॅक. इंग्रजीत चार अक्षरं, तीही स्वतःच्या नावातली. आमच्या शाखेत निम्म्या स्टाफचा पासवर्ड गणेश होता, त्याची मला आठवण झाली.

युनिक्स मरे हिलच्या बाहेर कसं पडलं, तेही ऐकण्यासारखं आहे. १९५६ च्या एका तडजोडीमुळे टेलिफोन कंपनीला संगणकाच्या धंद्यात उतरायला मनाई होती. विकता येत नाही, म्हणून विद्यापीठांना ते नाममात्र किमतीत, मूळ लिखाणासकट दिलं गेलं. विद्यार्थ्यांनी ते उघडून वाचलं, दुरुस्त केलं, वाढवलं. बर्कलेच्या विद्यापीठात तर त्याची वेगळी शाखाच फुटली. १९८४ मध्ये कंपनीचे तुकडे झाले, विक्रीची मोकळीक मिळाली आणि लिखाण कुलपात जाऊ लागलं. त्याआधीच, १९८३ मध्ये, रिचर्ड स्टॉलमन याने तीच हत्यारं नव्याने, सर्वांसाठी खुली लिहून काढण्याचा संकल्प जाहीर केला होता. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने गाभा लिहिला. दोन्ही एकत्र येऊन आजचं लिनक्स झालं. रिचीच्या लिखाणाची नक्कल त्यात नाही, पण घडण तीच आणि भाषा सीच. त्यावर कारभार करणारा माणूस आजही एलएस, सीपी, डीएफ, आरएम याच आज्ञा देतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे संगणकांची यादी निघाली, तेव्हा पाचशेच्या पाचशे लिनक्सवर चालत होते.

रिचीला मानसन्मान मिळाले. १९८३ चं ट्युरिंग पारितोषिक, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या हस्ते राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक, २०११ मध्ये जपान पारितोषिक, सगळी थॉम्प्सनच्या बरोबरीने. तो होता त्याच संशोधनशाळेत राहिला, रात्री उशिरापर्यंत काम करत राहिला आणि २००७ मध्ये तिथूनच निवृत्त झाला. लग्न केलं नाही. युनिक्सला नावं ठेवणाऱ्यांनी १९९४ मध्ये एक जाडजूड पुस्तक काढलं, त्याला उलट प्रस्तावना लिहून द्यायलाही तो तयार झाला. बग्जचा मथळा ज्या गटाने छापला, त्यातल्या माणसाला ते अवघड गेलं नसावं.

२०११ च्या ऑक्टोबरात स्टीव्ह जॉब्ज गेला, त्या वेळच्या वर्तमानपत्रांची पहिली पानं अनेकांना आठवत असतील. त्यानंतर एकाच आठवड्याने, १२ ऑक्टोबरला, बर्कली हाइट्सच्या घरी रिची मृतावस्थेत आढळला. आजारी होता, एकटा राहत होता. जुना सहकारी रॉब पाइक याने बातमी कळवली, ती जाणकारांत पसरली, आणि बहुतेक ठिकाणी आतल्या पानावर राहिली. जॉब्जने विकलेल्या यंत्रांचा पायाही बर्कलेच्या त्या युनिक्सचाच होता, हे मला त्याच महिन्यात बारामतीच्या एका संगणकशिक्षकाने सांगितलं. मी तेव्हा नोकरीत होतो. दुपारी शाखेत माझ्या ओळखीच्या दोघा-तिघांना ही बातमी सांगितली. कोण रिची, असं त्यांनी विचारलं. मला धड सांगता आलं नाही. तेव्हापासून हे लिहायचं राहून गेलं होतं, त्याला आता दीड दशक होत आलं.

निवृत्तीनंतर मी बारामतीलाच राहतो. शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलाने माझ्या जुन्या संगणकावर लिनक्स घालून दिलं आहे. फुकट आहे आणि जुन्या यंत्रावरही चालतं, ही त्याची शिफारस. त्याला वाटतं मी त्यावर कादंबरी लिहितो. ती मी अजून हातानेच लिहितो. संगणकावर मी काळा पडदा उघडतो आणि फायली लावून ठेवतो. काही पुसायचं झालं तर आधी कोणत्या कप्प्यात आहे ते विचारतो, मग जी नावं पुसायची ती एलएस देऊन डोळ्यांनी पाहतो, आणि मगच आरएम. रूट होऊन तर कधीच नाही. तो मुलगा हसतो.

मध्यंतरी भवानीनगरला एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे गेलो होतो. बोलता बोलता त्यांचा मोबाइल वाजला. उसाचं बिल जमा झाल्याचा निरोप होता. त्यांनी तो मला कौतुकाने दाखवला, आता बँकेत यायला लागत नाही म्हणाले. फोन अँड्रॉइडचा, म्हणजे आत गाभा लिनक्सचा, तो सीमध्ये लिहिलेला. हे त्यांना सांगावं असं क्षणभर वाटलं. मग मी त्यांना आमच्या इंदापूरच्या शाखेतल्या त्या रात्रीची गोष्ट सांगितली. त्यांचंही नाव त्या दिवशीच्या यादीत असणार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, की त्या पोरीचं पुढे काय झालं. मी म्हटलं, ती अधिकारी झाली. तेवढं मला माहीत आहे.